भोपळ्यावरचा मिलीबग आणि सांगोल्याची बाग: एका चुकलेल्या मोजणीचं प्रकरण

नोव्हेंबर संपत आला होता, आमच्याकडं झूलॉजीच्या एम.एस्सी.ला असलेला एक मुलगा लॅबमध्ये आला आणि पिशवीतनं डाळिंबाची फांदी काढून टेबलावर ठेवली. लिंबाएवढी दोन फळं, दोन्हीच्या तोंडाशी कापूस चिकटल्यासारखा पांढरा मिलीबग, पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, आणि फांदीबरोबर पिशवीतनं आलेले चार डोंगळे टेबलावर सैरावैरा पळायला लागले. त्याच्या मामांची सांगोल्याकडं दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, हस्त बहार म्हणजे पावसाळा संपताना फुलणारा बहार धरलेला. दसऱ्याच्या सुमारास फुटव्यांवर मिलीबग दिसला तेव्हा मामांनी पहिल्यांदाच औषधाच्या ऐवजी मित्रकीटक सोडायचं ठरवलं, क्रिप्टोलेमसचे भुंगेरे मागवले, संध्याकाळी सोडले, वाट बघितली, आणि दिवाळी झाल्यावर "मिलीबग तर दुप्पट झालाय, मोठा पण झालाय" म्हणून शेवटी औषध मारलंच. भुंगेरे गेले, पैसे गेले आणि पंधरा दिवसात मिलीबग परत हजर. मामा म्हणाले हे सगळं पुस्तकात चालतं, आमच्या रानात नाही चालत.

मुलाचा प्रश्न साधा होता. मॅडम, हा भुंगेरा मिलीबग खातो हे तर सगळ्यांना माहितीय, मग आमच्याकडं का नाही खाल्ला?

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतेय कारण या एका प्रश्नामागं आम्ही तीन महिने होतो, आणि उत्तर जिथं शोधत होतो तिथं अर्धंच मिळालं, बाकीचं अर्धं आमच्याच चुकीतनं बाहेर आलं.

आधी यातली मंडळी कोण ते सांगते. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषतो, अंगावर मेणाची पांढरी भुकटी, आणि जास्तीची साखर मागून थेंबाथेंबानं सोडतो, तोच चिकटा. मादी अंडी घालते ती कापसासारख्या मेणाच्या पिशवीत, आणि त्या मेणामुळं फवाऱ्याचं पाणी आत पोचत नाही, म्हणून औषध मारलं तरी पिशवीतली पिल्लं वाचतात आणि पुन्हा सुरुवात. क्रिप्टोलेमस हा लेडीबर्डच्याच घराण्यातला छोटा भुंगेरा, साधारण चार मिलिमीटर, पाठ काळपट आणि डोकं नारिंगी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 ला आणला, म्हणजे आपल्याकडं सव्वाशे वर्षांचा आहे. मादी नेमकी मिलीबगच्या अंड्यांच्या पिशवीत आपली अंडी घालते, आणि त्यातनं निघालेली अळी पण मिलीबगच खाते, भुंगेऱ्यापेक्षा जास्त हावरेपणानं. तिसरे डोंगळे. त्यांना चिकटा पाहिजे असतो, गोड असतो ना, म्हणून ते मिलीबगच्या आसपास राहतात आणि दुसरं कुणी जवळ आलं की हाकलतात. शेतकऱ्याला हे नातं माहीत नसतं असं मुळीच नाही, मामा स्वतःच म्हणाले होते की ज्या झाडावर डोंगळ्यांची रांग दिसली त्या झाडावर मिलीबग बघायचा.

मग थेट बागेतच का नाही बघितलं, असं कुणीही विचारेल. दोन एकरात सहाशेच्या आसपास झाडं. त्यावर कोळी आहेत, क्रायसोपा नावाच्या मित्रकीटकाच्या अळ्या आहेत, तीन-चार जातीच्या मुंग्या आहेत, शेजारच्या रानातनं वाऱ्यावर येणारा फवारा आहे, ड्रिपचं पाणी आहे, आणि रोज काहीतरी बदलतंय. भुंगेरे नाहीसे झाले म्हणजे उडून गेले, मेले, उपाशी राहिले का मुंग्यांनी हाकलले, हे त्या गर्दीत कसं कळणार. म्हणून गर्दी कमी करायची, दोन-तीनच जीव घ्यायचे, एका लहान जागेत ठेवायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इकॉलॉजीत याला मॉडेल सिस्टिम म्हणतात. माळढोक पक्ष्याबद्दल एखादा प्रश्न पडला तर आपण निम्मे माळढोक इकडं आणि निम्मे तिकडं असं करू शकत नाही, तिथं नुसतं बघत बसावं लागतं, पण किड्यांच्या बाबतीत हे करता येतं आणि करता येतं तर करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमचं मॉडेल म्हणजे तांबडा भोपळा. ही काही आमची कल्पना नाही, मिलीबग आणि क्रिप्टोलेमस वाढवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये भारतात अनेक वर्षं भोपळाच वापरतात. कारण भोपळा महिना-दोन महिने सडत नाही, मिलीबगला त्यावर रस मिळतो, आणि कुंडीतल्या झाडासारखं त्याला पाणी घालत बसावं लागत नाही. मार्केट यार्डातनं दहा भोपळे आणले, देठासकट, खोल खाचा असलेले, कारण मिलीबगला खाचेत बसायला आवडतं. धुतले, बुरशीनाशकात पुसून घेतले, जिथं खरचटलं होतं तिथं मेणबत्तीचं मेण लावलं. मामांच्या बागेतल्या फांद्या त्यावर ठेवल्या, पिल्लं आपोआप उतरली. डिसेंबरच्या थंडीत सगळं सावकाश चाललं पण महिनाअखेरीस भोपळे पांढरे झाले.

पहिला प्रयोग सगळ्यात सोपा. मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत एक भोपळा, वर मिलीबग, आत भुंगेरे, तोंडाला मलमलचं फडकं. असे दोन सेट. मिलीबग संपत गेला, नंतर भुंगेरे उपाशी मरायला लागले. पोरगं खूश, मॅडम, खातात की! पण मला त्यात समाधान नव्हतं, कारण भुंगेरा मिलीबग खातो हे आधीच माहीत होतं, बरणीनं तेवढंच परत सांगितलं. उलट एक गोष्ट मला खटकली, बरणीत दोघंही संपले. शिकारी सगळं खातो आणि मग स्वतः जातो. बागेत असं होत नाही, बागेत मिलीबग वर्षानुवर्षं आहे.

इथं मला मुलाला गाउझचं काम सांगावंसं वाटलं आणि इथंही सांगते. गाउझ हा मॉस्कोतला तरुण संशोधक, 1934 ला त्यानं हे काम प्रसिद्ध केलं. काचेच्या नळ्यांमध्ये ओटच्या काढ्यात पॅरामेशियम वाढवायचा आणि त्यात डिडिनियम सोडायचा, दोघंही एकपेशीय, डिडिनियम पॅरामेशियमला आख्खा गिळतो. साध्या नळीत काय झालं, तर आमच्या बरणीत झालं तेच, सगळे पॅरामेशियम संपले आणि मग डिडिनियम उपाशी मेले. मग त्यानं तळाशी गाळ ठेवला. गाळात काही पॅरामेशियम लपून राहिले, वरचे खाऊन डिडिनियम मेले आणि लपलेले परत वाढले. तिसऱ्या वेळी त्यानं ठराविक दिवसांनी दोघांतले एकेक जीव बाहेरून आणून टाकले, तेव्हा कुठं दोघंही टिकले, कधी हे वाढले कधी ते. बघा, तीन वेळा जीव तेच, फक्त लपायची जागा आणि येण्याजाण्याची वाट बदलली आणि निकाल बदलला. नव्वद वर्षांपूर्वीचं काम आहे पण मला अजूनही वर्गात हे शिकवताना दरवेळी भारी वाटतं.

हफकरचं काम तर आमच्या भोपळ्यांच्या अजूनच जवळचं. कॅलिफोर्नियात बर्कलेला, 1958. त्यानं संत्री घेतली. संत्र्यावर एक शाकाहारी कोळीकीड आणि तिला खाणारी दुसरी कोळीकीड. संत्र्यांचा बराचसा भाग झाकून थोडीच साल उघडी ठेवायची, मध्ये मध्ये रबरी चेंडू ठेवायचे, म्हणजे खाणं किती आणि कुठं हे आपल्या हातात. सरळ मांडणीत शिकारी सगळं खाऊन मरायचा, गाउझसारखंच. मग त्यानं मांडणी अवघड करत नेली, कितीतरी जास्त संत्री, मध्ये व्हॅसलिनच्या रेषा म्हणजे चालत जाणाऱ्याला अडथळा, आणि मध्ये उभ्या काड्या. शाकाहारी कोळीकीड त्या काडीवर चढून धाग्याला लोंबकळत पंख्याच्या वाऱ्यावर पुढच्या संत्र्याकडं निघून जायची, शिकारी कोळीकिडीला हे जमत नव्हतं. तेव्हा दोघं बराच काळ टिकले, चढउताराच्या तीन लाटा दिसल्या. म्हणजे वाट कुणाला मोकळी आणि कुणाला बंद, यावर सगळं ठरलं.

व्हॅसलिनची रेषा ऐकल्यावर पोरगं म्हणालं, मॅडम, हे तर आमच्या आजीनं गुळाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवल्यासारखं झालं. मला ते इतकं आवडलं की पुढचा सगळा प्रयोग त्या परातीवरच उभा राहिला.

पण त्याआधी एक फसलेला प्रयत्न झाला आणि तो सांगितलाच पाहिजे. आमचा संशय डोंगळ्यांवर होता, म्हणून पहिल्यांदा आम्ही बागेतले डोंगळे डबीत पकडून आणले आणि बरणीत भोपळ्यावर सोडले. दोन दिवस ते फक्त बरणीच्या कडेनं वर चढत होते, फडक्याला चावत होते, एकानंही मिलीबगकडं ढुंकून बघितलं नाही. वहीत लिहायचं झालं तर निकाल असा की डोंगळा आणि मिलीबगचा काही संबंध नाही. साफ खोटं. डोंगळा एकटा म्हणजे डोंगळा नाहीच, तो वारुळाचा एक हात आहे, घरी राणी आहे, पिल्लं आहेत, त्यांच्यासाठी तो गोड गोळा करतो, आणि घराची वाटच तोडली तर कशाला गोळा करेल. मॉडेल साधं करताना आम्ही नेमकं तेच काढून टाकलं होतं ज्याच्यामुळं हे नातं आहे. साधेपणाची ही बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, काय ठेवलं यापेक्षा काय काढलं याची यादी करायची सवय लागली पाहिजे, आणि आमच्या वहीत तेव्हापासून दर प्रयोगाच्या पानावर डाव्या बाजूला "काय वगळलं" असा रकाना आहे.

मग परातीचा प्रयोग. कॉलेजच्या मागं कडुलिंबाच्या झाडाखाली डोंगळ्यांचं जुनं वारूळ आहे, ते तिथंच राहू दिलं आणि भोपळे त्याच्याजवळ नेले. आठ भोपळे. प्रत्येक भोपळा उलट्या कुंडीवर, कुंडी पाण्याच्या परातीत, वरनं मच्छरदाणीच्या कापडाचा तंबू म्हणजे भुंगेरे उडून जायला नकोत. चार पराती तशाच, पाण्यानं तोडलेल्या. उरलेल्या चारांना सुतळीचा पूल, एक टोक वारुळाजवळच्या दगडाला, दुसरं तंबूच्या लहानशा भोकातनं थेट भोपळ्यावर. सुतळीला पहिल्या दिवशी गुळाचं बोट लावलं, बस, संध्याकाळपर्यंत डोंगळ्यांची ये-जा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी ते मिलीबगला मिश्यांनी थोपटून चिकटा पीत होते. जे बरणीत दोन दिवसात झालं नाही ते एका सुतळीनं झालं. आठही तंबूत सारखेच भुंगेरे सोडले, आणि मुलानं एक दिवसाआड प्रत्येक भोपळ्यावरच्या ठरवलेल्या तीन खाचांमधले मिलीबग मोजायचे असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात नुसत्या डोळ्यांनी जे दिसलं ते असं. पुलाच्या भोपळ्यांवर भुंगेरा मिलीबगच्या पुंजक्यावर बसला की डोंगळा धावून यायचा, भुंगेरा पाय आत ओढून घट्ट बसायचा, कधी तसाच खाली पडायचा, कधी उडून कापडाला जाऊन चिकटायचा. पूल नसलेल्या भोपळ्यांवर ते तासन्‌तास एकाच पुंजक्यात डोकं खुपसून. मला वाटलं झालं, उत्तर मिळालं, डोंगळे भुंगेऱ्यांना बसूच देत नाहीत, अंडी कुठनं घालणार.

दुसऱ्या आठवड्यानंतर मात्र मोजणी उलटी यायला लागली. मधे गड्ड्याच्या यात्रेमुळं, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेमुळं, मोजणीचे दोन दिवस चुकले, ते वहीत तसंच लिहून ठेवलं होतं, त्यामुळं मला आधी वाटलं त्या खाड्यामुळं काहीतरी घोळ झालाय. पूल नसलेल्या, म्हणजे डोंगळे नसलेल्या, भुंगेऱ्यांना पूर्ण मोकळीक असलेल्या भोपळ्यांवर मिलीबग आधी कमी झाला आणि मग वाढायला लागला. आणि मुलानं शेऱ्यात लिहिलं होतं, "आकार मोठा, मेणाचे धागे लांब." मी दोनदा वाचलं. मग दोघं मागं गेलो, तंबू उघडला, मी बारीक ब्रश घेतला आणि एका मोठ्या पांढऱ्या मिलीबगला मागनं हळूच हात लावला.

तो पळाला.

मिलीबग असा पळत नाही. मिलीबग तोंडाची सोंड झाडात खुपसून बसलेला असतो, हलवलं तर सावकाश सरकतो. हा तुरुतुरु पळाला आणि पुढच्या पुंजक्यात जाऊन एका खऱ्या मिलीबगला धरून खायला लागला. ती क्रिप्टोलेमसची अळी होती. अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, पूर्ण वाढली की सेंटिमीटरच्याही पुढं जाते, लांबून बघितलं तर हुबेहूब दांडगा मिलीबग. मी हे वर्षानुवर्षं चित्रात दाखवत आलेय आणि तरी आठ दिवस वहीवर सही करत होते.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मॅडम, मामानं हेच मारलं.

तिथूनच फोन लावला. स्पीकरवर मामा. मी विचारलं, दिवाळीनंतर तुम्ही फवारणी केली तेव्हा नेमकं काय दिसलं होतं? मामा म्हणाले, "मॅडम, पांढरं फटक, मोठं मोठं, लव असल्यासारखं, आधीच्यापेक्षा डबल साइज, मी म्हणलं आता फळाला लागलं तर गेलं सगळं, आणि मारलं." मग मुलानं त्यांना सांगितलं. पलीकडनं थोडा वेळ आवाजच नाही आला. मग मामा एवढंच म्हणाले की सोडताना मला भुंगेरा दाखवला होता, त्याचं पोर कसं दिसतं ते कुणी दाखवलं नव्हतं. मामांना दोष द्यावा असं मला एक क्षणही वाटलं नाही, ज्या चुकीत एम.एस्सी.चा विद्यार्थी आणि त्याची मॅडम सापडले ती चूक सहाशे झाडं एकट्यानं बघणाऱ्या माणसानं करू नये असं म्हणायचा अधिकार आम्हाला नव्हता.

म्हणजे बागेत भुंगेऱ्यांनी खाल्लं होतं, अंडी घातली होती, अळ्या झाल्या होत्या, आणि नेमक्या कामाला लागलेल्या अळ्यांवर फवारा बसला. मिलीबगच्या पिशव्या मेणामुळं वाचल्या, अळ्या मेल्या, म्हणून पंधरा दिवसात मिलीबग एकटाच परत आला.

यानंतर आम्ही सगळी मोजणी टाकून दिली आणि नव्यानं सुरू केली, आता दोन रकाने, मिलीबग वेगळा, अळी वेगळी, शंका आली की ब्रशनं हात लावून बघायचं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चित्र साफ झालं. डोंगळे नसलेल्या चारही भोपळ्यांवर भरपूर अळ्या आणि मिलीबग उतरणीला. पुलाच्या भोपळ्यांवर अळ्या खूपच कमी, एकावर तर एकही नाही. पण इथं एक गोष्ट अशी दिसली की त्यासाठी मी रोज संध्याकाळी तिथं स्टूल टाकून बसायला लागले. पुलाच्या भोपळ्यांवर ज्या थोड्या अळ्या झाल्या होत्या त्यांना डोंगळे काही करत नव्हते. यायचे, मिश्यांनी चाचपायचे, मेणाचे धागे लागायचे, आणि पुढं जायचे. डोंगळ्याला पण ती मिलीबगच वाटत होती! भुंगेऱ्याला हाकलणारा डोंगळा त्याच्याच पोराला आपल्या राखणीत ठेवत होता. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांमध्ये अर्जेंटाइन मुंग्यांच्या बाबतीत असंच आढळलेलं आहे, तिथं मुंग्यांच्या राखणीतल्या वेलींवर क्रिप्टोलेमसच्या अळ्यांना उलट फायदाच होतो, बाकीचे शत्रू हाकलले जातात आणि अळीला मिलीबग आयता. मी ते वाचलेलं होतं. पण कॉलेजच्या मागं लिंबाखाली समोर बघणं वेगळं.

मग प्रश्न बारीक झाला. मुंग्या वाईट का चांगल्या असा तो राहिलाच नाही. मुंगी नेमकी कुठल्या टप्प्यावर आडवी येते, एवढंच बघायचं. आमच्या भोपळ्यांनी सांगितलं, भुंगेरा बसून अंडी घालतो त्या टप्प्यावर. एकदा अळी अंड्यातनं निघून मेण अंगावर चढलं की नाही.

आता हे बागेत न्यायचं. खरं सांगायचं तर इथं मॉडेल एकदम लहान वाटायला लागलं. परातीत एक सुतळी होती, डाळिंबाचं झाड म्हणजे तीन-चार खोडं एकाच बुडातनं, खाली टेकलेल्या फांद्या, शेजारच्या झाडात घुसलेल्या फांद्या, आधाराला बांधलेल्या तारा, ड्रिपची नळी, बुडाशी वाढलेलं गवत. मी आणि मामा एका झाडापाशी बसून डोंगळ्यांच्या वाटा मोजल्या, अकरा निघाल्या. इकॉलॉजिस्ट कार्पेंटरनं 1996 ला लहान बाटल्यांतल्या प्रयोगांवर जी टीका केली ती मला पूर्ण पटत नाही पण त्या दिवशी तिचं वजन कळलं. त्याचं म्हणणं साधारण असं की बाटलीत मोठे प्राणी, मोठी जागा आणि लांबचा काळ हे सगळं बाहेरच राहतं आणि मग निघालेलं उत्तर खऱ्या तळ्याला लागू होईलच असं नाही. खरंय. पण मला वाटतं बाटलीचं काम उत्तर देणं नाहीच, बागेत जाऊन कुठं बघायचं ते सांगणं. अकरा वाटा आम्ही मोजल्या त्या परातीमुळं मोजल्या, नाहीतर आधी पण आम्ही त्याच बागेत गेलो होतो आणि एकही मोजली नव्हती.

मामांनी बारा झाडं दिली. सहा झाडांना प्रत्येक खोडावर आधी जुन्या कापडाची पट्टी, त्यावर प्लास्टिक, त्यावर ग्रीस, सालीला थेट ग्रीस लावायचं नाही कारण साल खराब होते. टेकलेल्या फांद्या छाटल्या, गवत काढलं, तारेला पण ग्रीसची पट्टी. सहा झाडं तशीच. बाराही झाडांवर भुंगेरे, संध्याकाळी, आणि त्या बारा झाडांपुरती महिनाभर फवारणी बंद. सहापैकी तीन झाडांवर आठवड्यात डोंगळे परत पोचले, एका ठिकाणी शेजारच्या झाडाच्या वाढलेल्या फांदीवरनं, दोन ठिकाणी ग्रीसवर धूळ बसून वाट तयार झाली होती, सांगोल्याकडची फेब्रुवारीतली धूळ काय असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. उरलेल्या तीन झाडांवर अळ्या चांगल्या दिसल्या, तशाच ठेवलेल्या सहांपैकी दोनांवर पण थोड्या दिसल्या. तीन झाडांवर काही सिद्ध होत नाही आणि मी तसं म्हणणार पण नाही. शिवाय मार्च लागला, ऊन चढलं, आणि क्रिप्टोलेमसला फार उष्णता मानवत नाही, लिंबाच्या सावलीत आम्हाला तो प्रश्न आलाच नव्हता. "काय वगळलं" च्या रकान्यात ऊन लिहायचं राहून गेलं होतं, ते नंतर लिहिलं.

पुढच्या हस्ताला काय करायचं ते मामांनी आणि मुलानं मिळून ठरवलंय. बहार धरताना, गर्मी कमी झाल्यावर लगेच सोडायचं, उशीर नाही. ज्या झाडांवर डोंगळ्यांची रांग आहे तिथं भुंगेरे सोडण्याऐवजी भोपळ्यावर वाढवलेल्या अळ्याच नेऊन ठेवायच्या, म्हणजे जो टप्पा मुंग्या अडवतात तो बागेबाहेरच पार पडलेला असेल. वारुळात औषध ओतायचं नाही, हे मी आग्रहानं सांगितलं आणि मामांना आधीच मान्य होतं, डोंगळे बागेत बाकी पण किडे उचलून नेतात आणि त्यांचा तो हिशोब आम्ही मांडलेलाच नाही. भोपळ्यांसाठी घराच्या मागची पत्र्याची खोली रिकामी केलीय.

आणि फवारणीचं. मामांकडं फवारायला बाहेरची पोरं येतात, दरवेळी वेगळी, त्यांना समजावून सांगायला मामा दरवेळी असतीलच असं नाही. म्हणून मोटारीच्या खोलीत, पंप भरायच्या जागेवर, त्यांनी एक काचेची बरणी ठेवलीय, आत डाळिंबाची फांदी, फांदीवर मिलीबग आणि एक अळी, शेजारी दोऱ्याला बांधलेली काडी, पंप भरण्याआधी काडी लावून बघायची, पळालं तर मारायचं नाही. परवा मुलाकडनं मामांचा निरोप आला, बरणीतला मिलीबग संपला आणि अळी कोषात गेली, मॅडमना विचार आता दुसरी आणायची का हिलाच राहू द्यायचं.